पादत्राणे आणि पवित्र भूमी

एखादी जागा पवित्र आहे असे म्हणताना नेमके काय म्हटले जाते, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे आणि त्याला मिळालेली उत्तरे ढोबळमानाने दोन बाजूंना विभागलेली आहेत. एका बाजूचे म्हणणे असे, की पावित्र्य हा त्या भूमीचाच गुण होय; तिथे काही प्रकटले किंवा घडले, आणि तेव्हापासून ती भूमी सभोवतीच्या भूमीहून कायमची वेगळी झाली. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की भूमी सर्वत्र सारखीच. माणसे तिथे जे आचरतात आणि पिढ्यान्‌पिढ्या आचरीत राहतात, त्याने पावित्र्य तिच्यावर चढते, आणि आचरणारे निघून गेले की ते उतरतेही. विसाव्या शतकातील धर्माभ्यासात रुमानियात जन्मलेले मिर्चा एलियादे हे पहिल्या बाजूचे मोठे प्रवक्ते ठरले. त्यांनी ‘हिएरोफनी’ ही संज्ञा रूढ केली, जिचा अर्थ पवित्राने स्वतःहून प्रकट होणे. अमेरिकन अभ्यासक जोनाथन स्मिथ यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याच्या उलट भूमिका घेतली, ती अशी की आधी जागा पवित्र आणि मग तिथे विधी, असा क्रम नसतो. विधीच जागेला तिचे वेगळेपण देतो. हा वाद केवळ तर्काने तडीस नेण्यापेक्षा, एकाच टेकडीवर एकामागून एक धर्म नांदून गेले अशा ठिकाणी तो तपासून पाहणे अधिक फलदायी ठरते, कारण दोन्ही उपपत्तींत मागे राहणारा एक तिसरा घटक, म्हणजे जागेवरचा ताबा, अशा ठिकाणी डोळ्यांआड करता येत नाही.

पोर्तुगालच्या दक्षिणेकडील अलेंतेझू प्रांतातले मेर्तोला हे असे गाव आहे. ग्वादियाना नदीला ओएइरास हा ओढा जिथे येऊन मिळतो, त्या संगमावरच्या उंच डोंगरसोंडेवर ते वसलेले आहे. समुद्रातून नदीत शिरलेली गलबते वरच्या अंगाला साधारण इथपर्यंतच येऊ शकत, त्यामुळे आतल्या मुलखातील धान्य आणि खनिज इथे उतरे, चढे, आणि किनाऱ्यापासून दूर असूनही हे गाव बंदर म्हणून नांदले. रोमन लोक त्याला मिर्तिलिस म्हणत, अरबी लेखक मार्तुला म्हणत. टेकडीच्या माथ्यावर किल्ला, त्याच्या पायाशी तटबंदीने वेढलेली गढी, तिच्या कडेला पांढऱ्या चुन्याने रंगवलेले चर्च आणि खाली नदीकडे उतरत गेलेली घरे, अशी गावाची रचना आहे.

या किल्ल्याला सर्रास ‘मूरांचा किल्ला’ म्हटले जाते, आणि विचाराला पहिली अडचण या नावापासूनच येते. ‘मूर’ हा शब्द वायव्य आफ्रिकेतील मॉरेतानिया या प्रदेशाच्या रहिवाशांसाठी लॅटिनमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘माउरी’ या शब्दावरून आला, आणि पुढे ख्रिस्ती युरोपने तो इबेरियातील, म्हणजे आजच्या स्पेन व पोर्तुगालमधील, सर्व मुसलमानांना लावला. त्यांत अरब होते, बर्बर होते आणि पूर्वी ख्रिस्ती असलेल्या स्थानिक कुळांतील माणसे फार मोठ्या संख्येने होती. यांपैकी कोणीही स्वतःला मूर म्हणवून घेत नसे. म्हणजे हे नाव ज्यांचे म्हणून सांगितले जाते त्यांनी ते घेतलेले नाही, ते प्रतिपक्षाने दिलेले आहे. शिवाय किल्ल्याचा आज दिसणारा पुष्कळसा भाग मुसलमानी अंमल संपल्यानंतरचा आहे. त्याचा मुख्य बुरूज १२९२ मध्ये ख्रिस्ती लढवय्यांनी उभारला, जरी पाया, जागा आणि तटबंदीची मूळ आखणी त्याआधीच्या शतकांची असली तरी. जी वास्तू ‘त्यांची’ म्हणून दाखवली जाते ती बऱ्याच अंशी ‘यांनी’ बांधलेली असावी, ही विसंगती ताब्याच्या भाषेचा पोकळपणा उघड करते.

किल्ल्याच्या पायाशी असलेल्या गढीला पोर्तुगीज भाषेत ‘अल्कासोव्हा’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘अल्‌-कसबा’चे रूपांतर होय, आणि मराठीतील ‘कसबा’ हा शब्द त्याच अरबी मुळातून फारसीमार्फत आलेला आहे. या कसब्यात १९७८ पासून उत्खनन चालू आहे. इतिहासकार क्लाउदियु तोर्रेस यांच्या पुढाकाराने त्या वर्षी ‘काम्पु आर्केओलॉजिकु दे मेर्तोला’ ही पुरातत्त्वसंस्था सुरू झाली. १९७४ च्या क्रांतीने पोर्तुगालातील दीर्घ हुकूमशाही संपून चारच वर्षे झाली होती, आणि राष्ट्राच्या इतिहासाकडे केवळ ख्रिस्ती विजयाची कथा म्हणून न पाहण्याची मोकळीक नुकतीच मिळाली होती. उत्खननात जे हाती आले ते थरांच्या रूपाने आले. सर्वांत खाली रोमन नगराच्या मध्यवर्ती चौकाला आधार देणारे भुयारवजा दालन होते, जे पुढच्या काळात पाण्याचे टाके म्हणून वापरले गेले. त्याच्या माथ्यावर प्राचीन ख्रिस्ती काळातले बाप्तिस्मागृह, म्हणजे धर्मदीक्षेच्या वेळी स्नान घालण्याचे अष्टकोनी कुंड असलेली वास्तू, आणि भोवती रंगीत दगडांच्या तुकड्यांची चित्रफरशी होती. त्या फरशीवर पंखांच्या घोड्यावर बसून राक्षसी प्राण्याला मारणारा बेलेरोफोन हा ग्रीक पुराणातला वीर आहे. म्हणजे ख्रिस्ती दीक्षेच्या शेजारी त्याआधीच्या धर्माची कथा निर्वेधपणे नांदत होती. त्यावर बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मुसलमानी वस्ती आली, जिच्यात मधल्या चौकाभोवती बांधलेल्या खोल्या, चुली, शौचकूप आणि सांडपाण्याच्या गटारी स्पष्ट दिसतात. आणि सर्वांत वर, त्या घरांच्या जमिनी फोडून खणलेली ख्रिस्ती दफनभूमी होती.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, रोसिउ दु कार्मु नावाच्या जागी, प्राचीन ख्रिस्ती बॅसिलिका, म्हणजे लांबट सभागृहाच्या घाटाचे प्रार्थनास्थळ, सापडली आहे; तिच्या फरशीखाली माणसे पुरलेली होती आणि त्यांच्यावरच्या शिलांवर लॅटिन व काही ग्रीक लेख होते. त्याच जागी पुढे मुसलमानांनी आपले मृत पुरले. ख्रिस्ती मृताला डोके पश्चिमेकडे आणि पाय पूर्वेकडे करून उताणे निजवीत, मुसलमान मृताला उजव्या कुशीवर, तोंड मक्केकडे करून निजवीत. एकाच मातीत दोन धर्मांची माणसे दोन दिशांना तोंड करून आहेत. धर्म बदलला तरी मृतांना कुठे न्यावे याविषयीची गावाची समजूत बदलली नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. एलियादे यांच्या बाजूला इथे बळ मिळते, कारण जागा जणू आपले वेगळेपण एका धर्माकडून दुसऱ्या धर्माकडे सोपवते. परंतु स्मिथ यांची बाजूही तितकीच भक्कम राहते, कारण प्रत्येक धर्माने त्या मातीत शरीर वेगळ्या रीतीने ठेवून तिला नव्याने आपले करून घेतले.

याच प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट रूप किल्ल्याखालच्या चर्चमध्ये दिसते. हे चर्च म्हणजे बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, अलमोहाद राजवटीत, बांधलेली मशीद होय. अलमोहाद हे ‘अल्‌-मुवह्हिदून’ या अरबी शब्दाचे युरोपीय रूप असून त्याचा अर्थ ईश्वराचे एकत्व मानणारे असा आहे. जवळपास चौरस असलेली ही वास्तू स्तंभांच्या रांगांनी पाच दालनांत विभागलेली आहे, तिच्या काही दारांवर घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानी आहेत, आणि मुख्य वेदीच्या मागच्या भिंतीत मिहराब अजून शिल्लक आहे. मिहराब म्हणजे मशिदीच्या ज्या भिंतीकडे तोंड करून नमाज पढतात तिच्यात केलेला कोनाडा. त्याने किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, कळते. १२३८ मध्ये सँटियागो पंथाच्या लढवय्यांनी राजा दुसरा सांशु याच्या कारकिर्दीत मेर्तोला जिंकले आणि मशीद मरियमला वाहिली, तेव्हा वास्तू पाडली गेली नाही. राजा पहिला मानुएल याच्या आज्ञेवरून दुआर्ते दे आर्मास या चित्रकाराने सोळाव्या शतकाच्या आरंभी राज्याच्या सीमेवरील किल्ल्यांची रेखाटने केली. त्यांतील मेर्तोलाच्या चित्रावरून या वास्तूचे जुने रूप तोवर बरेचसे टिकून होते हे कळते. छताच्या आजच्या घुमटाकार कमानी त्यानंतरच्या आहेत.

मिहराबाविषयी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते, आणि या निबंधाच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. मिहराब हा रिकामा कोनाडा असतो. त्यात मूर्ती नसते, अवशेष नसतात, ग्रंथही नसतो. तो गाभारा नव्हे. त्याच्याकडे तोंड करणारा त्याला नमन करीत नाही, तर त्याच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या दूरच्या एका बिंदूकडे वळतो. मिहराब पावित्र्य साठवत नाही, पावित्र्याकडची दिशा दाखवतो. जागा पवित्र असते म्हणजे काय, या प्रश्नाला पात्र आणि आचार या दोन उत्तरांखेरीज दिशा हेही एक उत्तर असू शकते, असे हा कोनाडा सुचवतो. आणि मेर्तोलाच्याच इतिहासातल्या एका पुरुषाने, जगण्यात नव्हे तरी ग्रंथात, त्या उत्तराच्या अगदी जवळ पाऊल टाकले होते.

अबुल-कासिम इब्न कासी हे त्या पुरुषाचे नाव. मेर्तोलाच्या नैर्ऋत्येस असलेल्या शिल्व्हेस नगराच्या परिसरातला हा गृहस्थ स्थानिक ख्रिस्ती मूळ असलेल्या मुसलमान कुळात जन्मला. सरकारी नोकरी सोडून, मालमत्ता विकून, तिचा पैसा दान करून तो सूफी मार्गाला लागला, असे अरबी चरित्रकार सांगतात. अटलांटिक किनाऱ्यावरील अरिफाना येथे त्याने रिबात उभारला. रिबात म्हणजे भक्तांनी एकत्र राहून उपासना करण्याचे आणि गरज पडल्यास सीमेचे रक्षण करण्याचे ठिकाण; त्याचे अवशेष २००१ मध्ये पुरातत्त्वज्ञांना सापडले. त्या काळी अंदालुसवर, म्हणजे मुसलमानी इबेरियावर, अलमोराविदांचे राज्य होते, आणि त्यांच्या धर्मशास्त्र्यांना सूफी विचार धोक्याचा वाटत होता. गझाली या थोर धर्मचिंतकाचा धर्मविद्यांच्या पुनरुज्जीवनाविषयीचा ‘इह्या’ हा ग्रंथ ११०९ च्या सुमारास कोर्दोबात जाळण्यात आला. अल्मेरियाचा इब्न अल्‌-आरिफ आणि सेव्हिलचा इब्न बर्रजान या दोन प्रभावी सूफींना राजधानी माराकेशला बोलावून घेतले गेले आणि ११४१ मध्ये दोघेही तिथेच मरण पावले.

इब्न कासीचा जो ग्रंथ आज उपलब्ध आहे त्याचे नाव ‘खलअ अन्‌-नअलैन’, म्हणजे दोन्ही पादत्राणे उतरवणे. हे नाव मूसाच्या कथेतून घेतलेले आहे. रानात जळताना दिसणाऱ्या ज्योतीजवळ मूसा गेला, तेव्हा त्याला वाणी ऐकू आली की पायांतले काढून ठेव, कारण तू उभा आहेस ती भूमी पवित्र आहे. ही कथा यहुद्यांच्या व ख्रिस्त्यांच्या बायबलात आहे आणि कुराणातही आहे. मेर्तोलाच्या त्या वास्तूत आळीपाळीने उपासना करणाऱ्या दोन्ही धर्मांना ती तितकीच प्रमाण होती. शब्दशः पाहता कथा पहिल्या बाजूची आहे, कारण आज्ञेचे कारण म्हणून भूमीचा गुण सांगितला आहे. परंतु सूफींनी पादत्राणांचा अर्थ शोधला. दोन जोड्यांपैकी एक म्हणजे इहलोक आणि दुसरा म्हणजे परलोक, असा अर्थ गझालीने ‘मिश्कात अल्‌-अन्वार’ या ग्रंथात मांडला: ईश्वरासमोर जाणाऱ्याने केवळ जगाची हाव नव्हे, स्वर्गाचीही हाव उंबऱ्याबाहेर ठेवली पाहिजे.

गझालीच्या विवेचनातला सर्वांत मोलाचा भाग मात्र त्यापुढचा आहे. आतला अर्थ सापडला म्हणून बाहेरची कृती रद्द होत नाही, असे तो बजावतो. केवळ अक्षराला चिकटणारा अर्धवट आणि केवळ गूढार्थाला चिकटणारा तोही अर्धवट. मूसाने आज्ञा दोन्ही परींनी पाळली, पायांतले जोडे खरोखर काढले आणि मनातले दोन्ही लोकही उतरवले. या भूमिकेने आरंभीचा वाद नव्याने मांडता येतो. जागा निव्वळ मानीव नाही, कारण कुठल्या तरी ठरावीक उंबऱ्याशी थांबल्याखेरीज जोडे काढणे घडतच नाही. परंतु जागा स्वयंपूर्णही नाही, कारण काही न उतरवता आत आलेल्याला ती चार भिंतींपलीकडे काही दाखवीत नाही.

इब्न कासीच्या आयुष्याने या सिद्धान्ताची परीक्षा घेतली आणि तीत तो टिकला नाही. ११४४ मध्ये त्याच्या अनुयायांनी, ज्यांना मुरीद म्हणत, मेर्तोलाचा किल्ला अचानक हल्ला करून घेतला. इब्न कासी तिथे आला, त्याने स्वतःला इमाम म्हणजे धर्मनेता आणि महदी म्हणजे ईश्वराने मार्ग दाखवलेला पुरुष म्हणून जाहीर केले, आणि स्वतःची नाणी पाडली. लवकरच साथीदारांत फूट पडून त्याला मेर्तोला सोडावे लागले. तो समुद्र ओलांडून अलमोहादांकडे गेला, त्यांचे सैन्य घेऊन परतला, शिल्व्हेसचा कारभारी झाला, आणि मग त्यांच्यावरही उलटून कोइंब्राच्या ख्रिस्ती राजाशी, म्हणजे पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसू एन्रिकेस याच्याशी, त्याने संधान बांधले. ११५१ मध्ये शिल्व्हेसच्या लोकांनीच त्याला ठार केले. ख्रिस्ती राजाने भेट दिलेल्या भाल्यावर त्याचे मस्तक लावून मिरवले, असे अरबी इतिहासकार सांगतात. पुढच्या पिढीतला श्रेष्ठ सूफी चिंतक इब्न अरबी याने इब्न कासीचा ग्रंथ ट्यूनिसमध्ये त्याच्या मुलाच्या सान्निध्यात वाचला, त्याचा काही काळ आदराने उल्लेख केला, आणि नंतर त्यावर लिहिलेल्या भाष्यात लेखकाच्या अधिकाराविषयीच कठोर शंका घेतली.

या अंताकडे केवळ ढोंग म्हणून पाहणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. ज्या राजवटीने ग्रंथ जाळले आणि संतांना दूरच्या राजधानीत नेले, तिच्यापासून साधनेची जागा वाचवायची तर भिंत हवी, भिंत राखायला शस्त्र हवे आणि शस्त्र चालवायला आज्ञा देणारा हवा. पायरी पायरीने उपासनेचा रिबात किल्ला होतो आणि गुरू सेनापती होतो. खुद्द अलमोराविद हे नावही ‘अल्‌-मुराबितून’, म्हणजे रिबातातले लोक, यावरूनच आले आहे. ज्यांच्याविरुद्ध इब्न कासी उठला तेही कधी काळी उपासकांच्या मठीतूनच निघाले होते. किल्ला आणि देवस्थान यांत फरक उरतो तो प्रवेशाच्या रीतीत. देवस्थानात शिरणारा काहीतरी उतरवून शिरतो, किल्ल्यात शिरणारा सर्व काही अंगावर चढवून. ज्याने पादत्राणे उतरवण्यावर ग्रंथ लिहिला त्याला ती पुन्हा घालावी लागली, कारण त्याने पवित्र भूमी राखण्याचा अर्थ तिच्यावर ताबा ठेवणे असा घेतला.

मेर्तोला जिंकणारा सँटियागो पंथही हेच दाखवतो, फक्त दुसऱ्या धर्माच्या वेषात. हे लढवय्ये साधू होते. त्यांनी व्रते घेतली होती आणि तलवारीही घेतल्या होत्या. ज्या संत याकोबाच्या नावाने पंथ उभा राहिला, त्याला इबेरियात ‘मातामोरोस’, म्हणजे मूरांचा वध करणारा, या रूपात पुजले जात असे, आणि मेर्तोला काही काळ या पंथाचे पोर्तुगालमधील मुख्य ठाणे होते. एकाच टेकडीवर शंभर वर्षांच्या आत शस्त्रधारी मुसलमान भक्त आणि शस्त्रधारी ख्रिस्ती भक्त यांनी एकाच तटबंदीआडून आपापल्या ईश्वराचा पक्ष राखला. त्यांच्या श्रद्धा वेगळ्या होत्या, परंतु जागेविषयीची समजूत एकच होती: जी राखता येते ती आपली आणि जी आपली ती पवित्र.

ही समजूत पुढे समुद्र ओलांडून कोकणात आली, म्हणून मराठी वाचकाला मेर्तोलाचा प्रश्न परका नाही. १५१० च्या २५ नोव्हेंबरला, संत कॅथरिनच्या दिवशी, आफोंसू द आल्बुकेर्क याने आदिलशाहीकडून गोवा शहर घेतले आणि तिथल्या मुसलमानांची कत्तल केली. ज्या राजासाठी दुआर्ते दे आर्मास मेर्तोलाचा किल्ला रेखाटत होता, त्याच मानुएल राजाचा हा सरदार. तो सँटियागो पंथाचाही सदस्य होता, आणि १५१५ मध्ये गोव्याच्या बंदरात मरताना त्याने त्या पंथाचा पोशाख अंगावर घालवून घेतल्याचे नोंदले आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत भारतातील मुसलमानांनाही ‘मूर’च म्हटलेले आढळते, इबेरियातल्या वैराने दिलेले नाव तसेच्या तसे इकडच्या माणसांना चिकटवले गेले. याच मानुएलने १४९६ च्या डिसेंबरात यहुदी आणि मुसलमान यांना पोर्तुगाल सोडण्याचा हुकूम काढला होता. मेर्तोलाची मशीद टिकली हे सहिष्णुतेचे उदाहरण म्हणून सांगितले जाते, तेव्हा ही तारीख शेजारी ठेवणे आवश्यक ठरते: वास्तू राहिली, पण तिच्यातल्या कोनाड्याची दिशा ओळखणारी माणसे देशातून काढली गेली.

गोव्यात याच्या उलटे घडले. तिसवाडीत सोळाव्या शतकाच्या चाळिशीत आणि बारदेस व साष्टीत प्रामुख्याने साठीत देवळे पाडली गेली. माणसांना गावी राहता येत होते, पण धर्म बदलून. ज्यांना ते मान्य नव्हते त्यांनी देव उचलले. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये नदीपलीकडे अंत्रुज महालातील प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा, तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीकडे होता. ‘मूरांपासून’ भूमी सोडवल्याचे सांगणाऱ्यांपासून वाचण्यासाठी हिंदू देवांनी मुसलमान सुलतानाच्या मुलखात आश्रय घेतला, हा इतिहास ताब्याच्या भाषेला कुठल्याच सोयीस्कर चौकटीत बसू देत नाही.

तात्त्विक दृष्टीने हे स्थलांतर आणखी विचार करायला लावते. प्रतिष्ठित मूर्तीविषयी शास्त्राची सोय स्पष्ट आहे: आवाहनाने, म्हणजे मंत्रपूर्वक बोलावण्याने, देवता मूर्तीत येते, आणि जीर्णोद्धाराच्या वेळी तिचे तत्त्व विधिपूर्वक कलशात घेऊन पुन्हा स्थापता येते. ही व्यवस्था स्मिथ यांच्या बाजूला जवळची आहे, कारण तिच्यात विधीने आलेले विधीने हलते. परंतु मंगेशासारख्या लिंगाची कथा त्या विशिष्ट स्थळाशी, तिथल्या नदीशी आणि प्रकटनाशी बांधलेली असते. असा देव हलवणे म्हणजे कथेलाच मुळातून उपटणे. तरीही भक्तांनी देव हलवला, नव्या जागी तो तोच देव राहिला, आणि जुन्या गावाचे नातेही तुटले नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा कुंकळ्ळीचा आहे. तिथली शांतादुर्गा फातर्प्याला गेली, आणि दरवर्षी शिगम्याच्या काळात छत्र्यांच्या उत्सवात तिची पालखी मूळ गावी येते; बारा गावकरी कुळांच्या बारा छत्र्या तिच्यासोबत असतात, आणि ज्यांच्या पूर्वजांनी धर्म बदलला ती ख्रिस्ती कुटुंबेही त्यात सहभागी होतात. देवी फातर्प्याला राहते आणि वर्षातून एकदा कुंकळ्ळीकडे तोंड करते. कुंकळ्ळीची जागा तिचे पात्र राहिलेली नाही, पण तिची दिशा राहिली आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. पावित्र्य जागेत साठलेले नसते, ती केवळ दिशा असते, असे एकदा म्हटले की विजेत्याची मोठी सोय होते. तुमचा ईश्वर सर्वत्र आहे, तुमचा देव उचलून नेता येतो, मग या चौथऱ्यावाचून तुमचे काय अडते, असे तो विचारू शकतो. आणि खरोखर, दुसऱ्याचे देवस्थान घेणाऱ्यांनी पुष्कळदा आतल्या, उदात्त, निराकार धर्माचीच भाषा वापरलेली आहे. या आक्षेपाचे उत्तर मूसाच्या कथेच्या व्याकरणातच आहे. आज्ञा मूसाला आहे आणि जोडे मूसाचे आहेत. उतरवणे ही फक्त स्वतःच्या पायांबाबत करता येणारी कृती होय. दुसऱ्याच्या पायांतले काढून घेणे याला त्याग म्हणत नाहीत, त्याला लूट म्हणतात. जागेवरचा आग्रह सोडावा हा उपदेश मालकाने स्वतःला करायचा असतो, ज्याच्याकडून जागा घेतली त्याला करायचा नसतो. म्हणून कुशस्थळीहून निघालेल्या भक्ताला जागेची ओढ राहिली हे त्याच्या श्रद्धेचे उणेपण ठरत नाही, आणि मेर्तोलातल्या मशिदीत वेदी उभारणाऱ्याला दगड जपल्याबद्दल वैराग्याचे श्रेय मिळत नाही. परंतु याच न्यायाने, ज्याची जागा एकेकाळी हिरावली गेली त्याचा वारसही, शस्त्र चढवून ती परत घ्यायला निघाला की, इब्न कासीच्याच वाटेवर पाऊल ठेवतो. अन्याय खरा असल्याने ताब्याचे पावित्र्य होत नाही.

मग जुन्या थरांचे करायचे काय, हा प्रश्न उरतो. मेर्तोलाच्या पुरातत्त्वज्ञांनाही तो टळला नाही, कारण खालचा थर पाहायचा तर वरचा थर हलवावाच लागतो. मुसलमानी घरे दिसावीत म्हणून त्यांच्यावरच्या ख्रिस्ती कबरी एकेक नोंदून उचलाव्या लागल्या, आणि कुठे थांबायचे हे दर ठिकाणी नव्याने ठरवावे लागले. या कामाची शिस्त एका अर्थाने जोडे उतरवण्याचीच आहे: कुठलाही थर ‘खरा’ आणि बाकीचे ‘अतिक्रमण’ असे धरून खणणाऱ्याला थर दिसतच नाहीत, त्याला फक्त आपला दावा दिसतो. आज किल्ल्याच्या बुरुजात मुसलमानपूर्व ख्रिस्ती काळातले कोरीव दगड मांडलेले आहेत, गावात इस्लामी कलेचे संग्रहालय आहे, २००१ पासून एक वर्षाआड इस्लामी महोत्सव भरतो, आणि मशिदीच्या चर्चमध्ये ख्रिस्ती उपासना चालू आहे. याला सलोखा म्हणण्याची घाई करू नये, कारण ज्यांच्याशी सलोखा व्हायचा ते पाच शतकांपूर्वीच गेले. पण दावा न सांगता स्मरण करता येते, एवढे तरी यातून दिसते.

त्या चर्चच्या दारात येणाऱ्याची कृती या सर्व विवेचनाचे सार सांगते. मशीद होती तेव्हा येणारा पायांतले काढीत असे. चर्च झाल्यावर पायांतले तसेच राहिले आणि पुरुष डोक्यावरचे काढू लागले. शरीराचा कोणता भाग उघडा करायचा हे धर्माने बदलले, पण उंबऱ्याशी थांबून काहीतरी उतरवायचे हे बदलले नाही. आत वेदीमागे तो कोनाडा आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून रिकामाच होता. मुसलमानांकडून घेण्यासारखे त्यात काही नव्हते आणि ख्रिस्त्यांना त्यात ठेवण्यासारखे काही सापडले नाही. किल्ला पाच वेळा हातोहात जाऊ शकतो, भिंतीवर चुना दहा वेळा चढू शकतो, पण दिशा कोणाच्या ताब्यात जात नाही. तिच्याकडे तोंड करता येते, आणि त्यासाठी आधी पायांतले किंवा डोक्यावरचे, ज्याच्या त्याच्या रीतीने, स्वतःच्या हातांनी काढून बाहेर ठेवावे लागते.